आडवी बाटली छापून देणाऱ्या पेंटरकाकांना

आदरणीय पेंटरकाका,
सप्रेम नमस्कार.

बायकांच्या मतदानानं गावातलं दारूचं दुकान बंद झालं. निकालाच्या दिवशी गुलाल आम्हाला लागला, सत्कार आमचे झाले, पेपरात फोटोही आमचेच आले. तुमचा उल्लेख कुठेच आला नाही. ते मनाला फार लागलं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

ज्यांना हे मतदान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, आणि त्या सह्या तपासणीत खऱ्या ठरल्या, की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. खरी मेख पुढे आहे. झालेल्या मतांतली निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडव्या बाटलीवर पडावा लागतो. म्हणजे जी बाई त्या दिवशी द्राक्षबागेत विरळणीला गेली किंवा माहेरी राहिली, तिचं मत न देताच दुकानाच्या बाजूनं गेलं.

प्रचाराचं पोस्टर छापून घ्यायला तुमच्याकडे आलो, तेव्हा आमच्यातल्या काहीजणींना त्यावर रडणारी बाई आणि पदराला धरलेलं पोर हवं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “दारूनं काय होतं ते बायकांना मी काय सांगणार? शिक्का कुठं मारायचा ते दाखवू.” आमचा सगळा प्रचार त्या एका वाक्यानं मार्गी लागला.

मग तुम्ही छपाईच्या जाळीवर इमल्शन, म्हणजे ऊन लागलं की घट्ट होणारा लेप, लावून वाळवलंत, ट्रेसिंगवरचं चित्र ठेवून वर काच दाबलीत आणि चौकट उन्हात धरलीत. नळाखाली धुतल्यावर ऊन न लागलेला भाग वाहून गेला आणि जाळीत बाटली उघडी झाली. त्यातली एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. कागद चुकून आडवा चिकटवला तर आडवी बाटली उभी दिसणार, म्हणजे आमचंच पोस्टर दुकानाचा प्रचार करणार! तुम्ही बाटलीखाली जमिनीची जाड रेघ ओढलीत, वरच्या कडेला लाल पट्टी दिलीत आणि सांगितलंत, “लाल आभाळाकडं.” अक्षरओळख नसलेल्या आजीनंही मग एक कागद चुकीचा लावला नाही.

फ्लेक्स तासाभरात झाला असता. पण तो चौकात एकच लागतो आणि रात्रीत कुणी फाडला की संपलं. तुमचे कागद गोठ्याच्या भिंतीवर गेले, पिठाच्या गिरणीत गेले, बेदाणा निवडायच्या शेडमध्ये गेले, बायकांना बागेत नेणाऱ्या पिकअपच्या फळीवरही लागले. मोठे फलक तर तुम्ही बेदाण्याचे बॉक्स उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर छापलेत. पुठ्ठ्याच्या नाळ्यांमुळे शाई तुटायची, म्हणून प्रत्येकावर स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, दोनदा फिरवलीत. मतदानाच्या आठवड्यात गावातल्या बायका वाटेत भेटल्या की बोलायच्या नाहीत, नुसता तळहात आडवा करून दाखवायच्या. तुमचं चित्र हातात उतरलं होतं, काका.

आणि सगळ्यात खाली तुम्ही तुमच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलात. ते काढा, लग्नसराईचं गिऱ्हाईक तुटेल, असं तुमच्याच गल्लीतले लोक बजावून गेले. तुमचं म्हणणं एकच, निनावी कागदावर कोण विश्वास ठेवणार? त्या नंबरवर रात्री-अपरात्री दमदाटीचे फोन आले, हे आम्हाला निकालानंतर काकूंकडून कळलं. आम्ही गावात घोळक्यानं फिरत होतो, एकमेकींचा आधार होता. तुम्ही दुकानात एकटे होतात, आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत. त्याबद्दल तुमचे आणि काकूंचे किती आभार मानावेत ते समजत नाही.

पैसे तुम्ही फक्त शाईचे घेतलेत. बचत गटाच्या बैठकीत ठरलंय की मजुरी द्यायचीच, आणि ती तुम्हाला घ्यावीच लागेल. शेजारच्या गावात सह्या गोळा करायला सुरुवात झालीये. त्या बायकांना घेऊन आम्ही सोमवारी येतोय. जाळी धुऊन टाकू नका.

तुमची,
बचत गटातली एक भाची