न दुखणारा चट्टा

महोदय,

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण १० हजार लोकसंख्येमागे एका रुग्णाहून खाली आले आणि तेव्हापासून हा रोग संपलाच, असा समज पसरला. आमच्या शेजारच्या एका बाईंच्या हातावरील फिकट चट्ट्यावर दीड वर्ष नायट्याचे मलम चोळले गेले. तापलेल्या तव्याचा चटका बसून फोड आला तरी त्यांना कळले नाही, तेव्हा कुठे कुष्ठरोगाचे निदान झाले. तोवर करंगळी आणि शेजारचे बोट वाकले होते. या रोगावरचा बहुविध औषधोपचार (एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याचा उपचार) सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो आणि ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो. मात्र रोगामुळे फार काळ दुखावलेली नस त्याने पूर्ववत होतेच असे नाही. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच रुग्ण उशिरा येतो (आणि दुखणे नाही म्हणजे काळजी नाही, असे घरचेही म्हणतात). तेव्हा अशा चट्ट्यावर मलम लिहून देण्यापूर्वी तेथील संवेदना तपासणे आणि कोपराजवळची नस जाड झाली आहे का हे चाचपणे, खासगी दवाखान्यांतही बंधनकारक करावे.

– एक वाचक, चंद्रपूर