पडताळणी कंत्राटी कर्मचाऱ्यांचीही व्हावी

महोदय,
‘पोक्सो’ (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेतील शिक्षक, शिक्षकेतर, कायम आणि कंत्राटी अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या बदलापूर येथील शाळेतील बालिकांवरील लैंगिक अत्याचार प्रकरणातील आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता, हे लक्षात घेता एजन्सीमार्फत येणारे कामगार, रखवालदार आणि मुलांची ने-आण करणारे चालक यांची पडताळणी रुजू होण्यापूर्वीच झाली पाहिजे. आंदोलनातील किंवा भाऊबंदकीतील गुन्ह्यावरून मात्र कोणाची रोजीरोटी हिरावू नये. बालकांविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास शाळेत थाराच नसावा. सोलापूर जिल्हा परिषद व महापालिकेच्या शिक्षण विभागांनी खासगी शाळांसह सर्व शाळांकडून पडताळणीचा अहवाल मागवून तो पालकसभेत मांडण्यास सांगावे, ही कळकळीची विनंती.
– एक पालक, जुळे सोलापूर