किनाऱ्यावर विकताय तर गंजाचं आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मोबाईलवर बार्बेक्यू ग्रिलच्या जाहिराती जोरात चालू झाल्यात म्हणून हे पत्र लिहितोय. किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत, होमस्टेंत हे ग्रिल आता अंगणात दिसतं आणि एक पावसाळा काढल्यावर त्याचं काय होतं ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. आम्ही देवबागला राहतो, एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, त्यामुळे खारं वारं दोन्हीकडून येतं. खिडकीचे गज, सायकलची चेन, पंख्याची जाळी, काहीच सुटत नाही.

घरातल्या दोन खोल्या आम्ही निवास न्याहारी योजनेत पर्यटकांना देतो, तेच आमचं पोट. पुण्याकोल्हापूरचे पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी अंगणात सुरमई, बांगडे, कोळंबी भाजायची हौस असते, म्हणून गेल्या वर्षी कोळशावरचं झाकणवालं ग्रिल ऑनलाईन मागवलं. वर्णनात ‘स्टेनलेस स्टील’, ‘आउटडोअर’ आणि ‘२ वर्षे वॉरंटी’ हे ठळक अक्षरांत होतं. पहिल्याच पावसाळ्यात बिजागरीचे स्क्रू तांबूस पडले, प्रत्येक स्क्रूच्या खाली तपकिरी ओघळ, आणि गणपतीच्या सुमारास राखेचा ट्रे ओढला तर कोपऱ्याचा पापुद्राच हातात आला, बोट आरपार जाईल एवढं भोक. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की वरवरचा गंज नैसर्गिक आहे, समुद्राजवळचा वापर वॉरंटीत बसत नाही आणि होमस्टे म्हणजे व्यावसायिक वापर. ह्या तिन्ही अटी खोक्यातल्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत आहेत, पैसे भरायच्या आधी ह्यातली एकही दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोखंड गंजतं हे आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना शिकवायला नको, पण मालवणचा पिनकोड टाकल्यावर वस्तू घरपोच पाठवता, तर ह्या पिनकोडला गंजाची वॉरंटी नाही हेही तिथेच मराठीत लिहा, आणि स्टील कुठल्या ग्रेडचं ते सांगा. ते वाचून घ्यायचं की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल.

ग्रेडचं का म्हणतो ते सांगतो. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के, आणि त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अगदी पातळ थर बनतो, तोच गंजाला अडवतो. मिठातलं क्लोराईड नेमका तोच थर जागोजागी फोडतं आणि तिथून बारीक खड्डे पडत जातात. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ३१६ मध्ये त्याशिवाय दोनतीन टक्के मॉलिब्डेनम, म्हणून समुद्राकाठी ३१६ जास्त टिकतं आणि महागही पडतं. २०१, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, दिसायला तेवढंच चकचकीत, पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, असं दुकानात लावून दाखवतात त्यावर जाऊ नका, कारण ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसाच २०२ लाही जवळपास चिकटत नाही. त्यात झाकण स्टेनलेसचं आणि स्क्रू साध्या लोखंडाचे असले की दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकतात आणि स्क्रू आधी खाल्ले जातात, आमच्या बिजागरीचं तेच झालंय. म्हणून घेताना स्क्रू, बिजागरी, पाय आणि राखेचा ट्रे कशाचा आहे ते विचारा, झाकणाची चमक बघून काही कळत नाही.

आता ज्यांच्याकडे ग्रिल आहेच त्यांच्यासाठी. सगळ्यात जास्त नुकसान राखेने होतं. कोळशाची राख हवेतली ओल ओढून घेते आणि रात्रभर, आठवडाभर तशीच ट्रेमध्ये पडली की तिचा क्षारांचा ओला लगदा पत्रा खात बसतो, तेव्हा राख पूर्ण थंड झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचीच, पाहुणे चेकआऊट करत असले तरी. धुवायला गोडं पाणी घ्या, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असेल तर ते नको. लोखंडी तारेच्या काथ्याने स्टेनलेस घासू नका, त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजून डाग पडतात, आणि ब्रशच्या तारा तुटून माशाला चिकटून पोटात जायची भीती वेगळीच. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सुकी सालं, आपल्याकडे पडलेली असतात, जाळी कोमट असताना त्याने घासली की मस्त निघते. गंजाचे लहान डाग लिंबाने जातात पण नंतर लगेच धुवून कोरडं करायचं. बिडाची जाळी असेल तर खायच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन ती तापवायची, तेल भाजून त्याचा कडक थर बसतो, भाकरीच्या बिडाच्या तव्याला करतो तसंच. बाहेरून पत्रा उघडा पडला असेल तर पॉलिशपेपर मारून उष्णता सोसणारा काळा रंग द्या, फक्त बाहेरून, आत आणि जाळीला कधीच नाही. आणि जाळी बदलायची वेळ आली तर हार्डवेअरच्या दुकानातली जस्त चढवलेली स्वस्त जाळी आणू नका, ती जास्त तापली तर जस्ताचा धूर होतो आणि तो अंगाला वाईट.

पावसाळ्यासाठी एकच सांगेन, प्लास्टिकचं कव्हर घालून अंगणात ठेवू नका. आत घाम धरतो आणि जून ते सप्टेंबर ग्रिल ओलीत शिजत राहतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं करता त्यातच ते सुटं करून, तेलाचा हात देऊन पडवीत फळीवर ठेवा, झाकण किंचित उघडं ठेवून, म्हणजे वारा खेळेल. एरवी कव्हर घालायचं तर ग्रिल थंड आणि कोरडं असतानाच.

वॉरंटीच्या बाबतीत लोक फार लवकर हात टेकतात, ते मला बरोबर वाटत नाही. मोठ्या कंपन्यांच्या कागदात वरवरचा गंज आणि पत्रा आरपार जाऊन भोक पडणं ह्या दोन गोष्टी बहुतेक वेगळ्या धरलेल्या असतात, पहिली भरून देत नाहीत, दुसरी बऱ्याचदा देतात. तेव्हा फोटो काढताना मागून टॉर्च धरा म्हणजे भोक आहे हे स्पष्ट दिसेल. बिल, सिरियल नंबरचं स्टिकर आणि विकत घेताना वेबसाईटवर जे लिहिलं होतं त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण नंतर ते वर्णन बदलतं. आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहूनच विचारा की मी समुद्रकाठी राहतो, हे बाहेर ठेवलं तर चालेल का, त्याचं उत्तर लेखी राहतं.

‘व्यावसायिक वापर’ म्हटलं की आपली दारं बंद, असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात व्यापारासाठी घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत हे खरं, पण स्वतः राबून, स्वयंरोजगार म्हणून, फक्त पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच. दोन खोल्यांचं होमस्टे नवराबायको मिळून चालवतात, ते ह्यात बसतं असं माझं ठाम मत आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी ओरोसच्या जिल्हा ग्राहक आयोगात. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार ऑनलाईन भरता येते, फक्त कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

आम्ही १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, राखेचा ट्रे आणि बिजागरीचा संच बदलून द्या एवढीच मागणी आहे, झाकणावरच्या डागांबद्दल काही म्हटलेलं नाही. कंपनीचं उत्तर आलं की तुम्हाला कळवीन, मग ते कसंही असो. तोवर तारकर्ली, वायरी, आचरा, वेंगुर्ला ह्या बाजूच्या ज्यांचे असे ट्रे नाहीतर पाय गेलेत त्यांनी बिल शोधून ठेवावं.

आपला,
एक होमस्टेचालक, देवबाग, ता. मालवण