चेंबूरची हवा, नाशिकची हवा आणि तुझं लिव्हर

नाशिक,
६ जानेवारी

प्रिय अन्या,

पत्र मिळालं. सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ निघालं आणि वहिनींनी तुझ्याकडे संशयानं पाहिलं, हे वाचून आधी हसलो. लग्नाच्या वरातीतही लिंबू सरबत पिणारा तू! त्यांना सांग, दारू न पिताही हे होतं, आणि घरोघरी होतंय.

पण पुढे तू लिहिलंयस, ‘चेंबूरच्या हवेनंच हे केलं, आता पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतो आणि नाशिकची हवा खातो.’ यातलं थोडं पटलं, बरंचसं नाही.

हवेचा संबंध आहे, ते खरं. अडीच मायक्रॉनहून बारीक धूळ सगळी फुफ्फुसातच अडकत नाही. त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तात उतरतात, आणि रक्त गाळायचं काम यकृताचं. तिथल्या कुप्फर पेशी पहारेकऱ्यासारख्या असले कण गिळतात आणि सूज आणणारी रसायनं सोडतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं आणि यकृतात चरबी साठते. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. माणसांचं म्हणशील तर नैऋत्य चीनमधल्या सुमारे ९० हजार लोकांची पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे हवा जास्त खराब, तिथे फॅटी लिव्हर जास्त. अर्थात अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय हा संबंध पुरुषांत, सिगारेट-दारूवाल्यांत, चरबीयुक्त खाणाऱ्यांत आणि पोट सुटलेल्यांत जास्त ठळक होता. आता जरा आरशासमोर उभा राहा. फरसाण चेंबूरच्या हवेतून पोटात गेलेलं नाही!

आणि नाशिकची हवा? तू सोडून गेलास तेव्हाचं नाशिक डोक्यात धरून बसलायस. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यातल्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत आपलंही गाव आहे. सध्या २०२७च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, जिकडे तिकडे खणलेलं. थंडीत गार हवा जमिनीलगत दबून बसते, धूर-धूळ वर जायला वाट नाही. सकाळी द्वारका चौकातून गेलं तर घशात कळतं. पाथर्डी फाट्याला तर एका अंगाला आग्रा हायवे आणि शेजारी अंबडची एमआयडीसी. तिथे चांगली हवा खायला कोण जातं रे? आपल्याकडे या बारीक धुळीची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. म्हणजे सरकारी कागदावर हवा ‘ठीक’ असली, तरी मी निश्चिंत होत नाही.

फ्लॅट घ्यायचाच तर मखमलाबादच्या बाजूला बघू, मोठ्या रस्त्यापासून आत. फिरायला कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, पण हिवाळ्यात जरा ऊन वर आल्यावर जायचं. आणि रात्री दारं-खिडक्या लावून मच्छर अगरबत्ती जाळायची तुझी सवय सोड, तोही धूरच.

बाकी औषध तुला आवडणार नाही. ८२ किलोचा आहेस, सहा-आठ किलो हळूहळू उतरव. शरीराच्या सात ते दहा टक्के वजन गेलं की लिव्हरची सूजही बऱ्याचदा ओसरते. शुगर तपास. डॉक्टरांना फिब-४ काढायला सांग. वय, रक्त तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स एवढ्यावरून तो आकडा निघतो. १.३च्या खाली आला तर लिव्हर कडक झालं असण्याची शक्यता कमी. वर आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करायला सांगतील, लगेच घाबरू नकोस.

संक्रांतीला दोघं या. आई तुझी आठवण काढते. तिनं गुळाची पोळी पुढे केली तर एकच घे. आणि बिल्डरला टोकन मात्र तोवर देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या