भयपट पुन्हा लावा, पण काळोख नीट द्या

संपादक महोदय,

जुने चित्रपट पुन्हा पडद्यावर आणायची सध्या चढाओढ लागली आहे. 'तुंबाड' ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, तेव्हा थिएटरात जाऊन तो पाहणारे थोडेच होते. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. हे पाहता सोलापुरातले चित्रपटगृहचालक, महाविद्यालयांतले फिल्म क्लब आणि उत्सवात पडदा बांधणारी मंडळं भयपटांकडे वळतील, आणि वळावंच. आमचं म्हणणं त्यापुढचं आहे. विनोदी चित्रपट मंद दिव्यावरही खपून जातो, मारामारीचाही खपतो. भयपटाचं सगळं भांडवल काळा रंग आणि शांतता एवढंच असतं. ते दोन्ही बिघडलं की घाबरायला आलेला प्रेक्षक हसायला लागतो आणि आपण म्हणतो, जुना चित्रपट आता चालत नाही.

'महल'पासूनच बघा. १९४९ चा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, दिग्दर्शक कमाल अमरोही, कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. सावल्यांनी पडदा भरायचा आणि चेहऱ्यापुरता उजेड ठेवायचा, ही रीत त्यांनी जर्मनीतून आणली. 'आयेगा आनेवाला'मध्ये आवाज दुरून जवळ येतो. त्यासाठी लता मंगेशकरांनी मायक्रोफोनपासून लांब उभं राहून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या जवळ आल्या. आता हाच चित्रपट आवाज दाबून लावला, तर ती लांबून येणारी सुरुवात एसीच्या घरघरीत बुडते आणि थेट मुखडाच कानी पडतो. दुसरी गफलत चौकटीची. त्या काळचं चित्र १.३७ ला १ या मापाचं, जवळपास चौकोनी. पडदा कडेपर्यंत भरावा म्हणून ते १.८५ ला १ या रुंद मापात मोठं करून बसवलं, तर उंचीतला चौथा भाग कापला जातो. अशोककुमारांचं कपाळ गेलं तर एक वेळ चालेल, पण वरच्या सज्जातली सावली गेली तर प्रसंगात उरलं काय? बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. त्यावरून कोणी पैसे परत मागत नाही.

साठच्या दशकात 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वो कौन थी' (१९६४) यांनी पांढरी साडी, धुकं आणि लांबून येणारं गाणं यांचा साचाच पक्का केला. मराठीत वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या वळणाचा, पण त्याची भीती मनातली आहे. रामसे बंधूंचं घराणं याहून वेगळं. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०) असा त्यांचा प्रवास. दिग्दर्शन, लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन सगळं भावाभावांत वाटलेलं. पैसा कमी, म्हणून धुराचं यंत्र आणि निळे, लाल, हिरवे जिलेटिनचे कागद यांवरच सगळा भर. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण तालुक्याच्या टॉकीजनी त्यांना पोसलं. पुढे १९९३ पासून 'झी हॉरर शो'ने तीच भुतं घरात आणली. रामसेंचा गडद निळा रंग यूट्यूबवरच्या पुसट प्रतीत राखाडी होतो. त्यामुळे 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी दाखवायचा असेल तर हक्कधारकाकडून नीट प्रत मागवावी, फुकटची उतरवून घेऊ नये.

नव्वदनंतर हवेली सुटली आणि भूत फ्लॅटमध्ये राहायला आलं. राम गोपाल वर्मांचा 'रात' (१९९२), नंतर 'भूत' (२००३). दुसऱ्यात तर गाणंच नाही. इथून पुढे भीती दाखवण्याचं काम पडद्याकडून ध्वनीकडे गेलं. पडद्यामागे तीन स्पीकर, प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग आणि खोल आवाजासाठी सबवूफर, अशी ५.१ ची मांडणी. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, पावलं बाजूच्यांतून. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त (२०१७) भीती उभ्या उसात दडलेली आहे. आपल्या जिल्ह्यात ऊस कोणाला परका नाही. पण बाजूच्या रांगेतले दोन स्पीकर बंद असतील, तर पात्यांची सळसळ समोरूनच येते आणि आपण उसाच्या बाहेर, बांधावर उभे राहून बघतोय असं वाटतं.

आता दुरुस्तीचं बोलू. थिएटरातल्या साउंड प्रोसेसरवर ७ हा आकडा प्रमाण मानला आहे. त्या आकड्यावर चाचणीचा आवाज सोडला, तर पुढच्या प्रत्येक स्पीकरचा आवाज खुर्चीपाशी ८५ डेसिबल भरावा, अशी जुळणी करायची असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो आकडा साडेचार-पाचवर असतो. याचं कारण चित्रपट नसतो, जाहिराती असतात. त्या कर्कश असतात, प्रेक्षक ओरडतात, ऑपरेटर आवाज खाली ओढतो आणि मग पूर्ण खेळ तसाच चालतो. एक आकडा म्हणजे साधारण सव्वातीन डेसिबल. साडेचारवर आठ डेसिबलांहून जास्त गेले, म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा. किंकाळी तरीही ऐकू येते, तिच्या आधीचा श्वास ऐकू येत नाही, आणि घाबरवतो तो श्वासच. उपाय फुकटचा आहे. प्लेलिस्टमध्ये जाहिरातींसाठी ४.५ आणि चित्रपट सुरू होताना ६.५ ते ७ असा वेगळा क्यू, म्हणजे आवाज आपोआप बदलणारी सूचना, टाकून ठेवायचा. एकदा टाकला की रोज कोणाला हात लावावा लागत नाही.

उजेडाचं गणितही ठरलेलं आहे. पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) हवेत. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा जुना होत जाईल तसा तो मंदावतो आणि आयुष्याच्या शेवटाकडे जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून वेळोवेळी मीटर लावून विद्युतप्रवाह वाढवावा लागतो किंवा दिवा बदलावा लागतो. प्रोजेक्शन खोलीच्या काचेवरची धूळ रोज पुसायला हवी, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दोनदा. सगळ्यात मोठा चोर वेगळाच. थ्रीडी खेळ संपल्यावर लेन्ससमोरचं पोलरायझरचं उपकरण बाजूला न करताच साधा चित्रपट लावला जातो. अर्ध्याहून जास्त प्रकाश तिथेच अडतो. 'तुंबाड'मध्ये कंदील, पाऊस आणि वाड्याचा अंधार यांशिवाय फारसं काही नाही, तिथे मग पडद्यावर काळा चिखल दिसतो.

याच्या उलट त्रास नको तिथल्या उजेडाचा. बाहेर पडण्याच्या दारांवरचे दिवे बंद करता येत नाहीत, करूही नयेत. मात्र त्यांच्यावर पत्र्याचं छोटं छप्पर बसवलं तर उजेड पडद्यावर न जाता खाली जातो. पायऱ्यांचे दिवे, दाराचा अपुरा पडदा, वर्दीवाल्याची टॉर्च यांचंही तेच. पडद्यावर पूर्ण काळी चौकट लावून मधल्या रांगेत पाच मिनिटं बसावं. डोळे सरावले की उजेड कुठून गळतोय ते आपोआप दिसतं.

महाविद्यालयांनी आणि मंडळांनी वेगळी काळजी घ्यावी. पडदा १० फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच असेल, तर क्षेत्रफळ ५५ चौरस फूट. त्याला वरच्या १४ ने गुणलं की ७७० लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं एकक) पुरतात. खोक्यावरचा आकडा सगळ्यात भडक मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो. म्हणून २००० चा प्रोजेक्टर भरपूर झाला. ५००० चा ऑफिसचा प्रोजेक्टर आणून मिरवू नका, त्यावर काळं राखाडी दिसतं. वीज गेली तर अशा प्रोजेक्टरचा पाऱ्याचा दिवा गरम असताना लगेच पेटत नाही, काही मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा छोटा यूपीएस लावा. आवाज ब्लूटूथवरून देऊ नका. तो बऱ्याचदा सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे राहतो, म्हणजे दार उघडून भूत दिसतं आणि दचकवणारा ठोका नंतर वाजतो. ५.१ ची फाईल दोन बॉक्सवर लावताना प्लेअरमध्ये आवाज 'स्टिरिओ' करून घ्या, नाहीतर मधल्या वाहिनीतले संवादच गायब होतात आणि नुसतं संगीत वाजत राहतं. मिरवणुकीचे बॉक्स असतील तर ८० हर्ट्झखालची, म्हणजे खोल आवाजाची पट्टी ५-६ डेसिबलने उतरवा. खिडक्यांना आपली सोलापुरी चादर उत्तम, पण एकेरी चादरीच्या विणीतून उजेड झिरपतो. दोन थर घ्या, मध्ये काळं कापड. भिंतीपासून चारेक इंच सोडून चुण्या घालून टांगली तर सभागृहातला घुमाराही कमी होतो. पडद्याच्या आजूबाजूला मात्र चादर नको, तिथली पांढरी नक्षी उजेड परत फेकते. तिथे नुसतं काळं कापड. दारं झाकायची नाहीत आणि कापड दिव्यांपासून लांब ठेवायचं. ओटीटीचं घरगुती वर्गणीचं खातं जाहीर खेळाला चालत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. फिल्म सोसायटी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जुन्या चित्रपटांची चौकशी जरूर करावी.

सोलापूरचा भयपटांचा चाहता इतर शहरांसारखा एका भाषेत अडकलेला नाही. पूर्व भागात 'अरुंधती' (२००९) तेलुगूतूनच पाहिला जातो. मल्याळममधला 'मणिचित्रताळ' (१९९३) कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (२००४), तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (२००५) आणि हिंदीत 'भूल भुलैया' (२००७) झाला. मूळ आणि तिन्ही रूपं लागोपाठ चार रविवारी लावली, तर ती पाहून भांडायला लागणारा प्रेक्षक महाराष्ट्रात आपल्याइतका कुठे मिळेल? नारायण धारपांचे वाचक आपल्याकडे आहेतच. 'तुंबाड'च्या मुळाशी त्यांची 'आजी' ही कथा आहे, हे या वाचकांनी तिकीट काढण्याआधीच सगळ्यांना सांगितलेलं असतं.

या चाहत्यांत दोन जाती आहेत आणि त्यांना एका खेळाला बसवू नये. रामसेपट शिट्ट्यांशिवाय पाहण्यात मजा नाही. 'पुराना मंदिर'मधली जगदीपची 'शोले'ची टवाळी तर ओरडण्यासाठीच आहे. तिथे गोंगाट होऊ द्या. 'रात', 'लपाछपी', 'तुंबाड' यांना शांतता लागते. जाहिरातीत 'गोंगाटाचा खेळ' आणि 'शांत खेळ' असं सरळ छापलं तर निम्मी भांडणं मिटतील.

मध्यंतराचंही बघावं. परदेशी भयपटांत मध्यंतराची सोय नसते आणि ते घड्याळ बघून कुठेही तोडले जातात, अगदी मुलगी तळघराच्या पायरीवर असतानासुद्धा. आधी एकदा चित्रपट पाहून, एखादा प्रसंग पुरता संपतो त्या जागी थांबा ठरवावा. दिवे एकदम न लावता आठ-दहा सेकंदांत चढवावेत. नंतर दारं बंद झाल्याशिवाय चित्रपट सुरू करू नये, कारण पहिली पाच मिनिटं समोशाच्या कागदाचीच असतात.

शेवटची बाब मुलांची. जुने बरेच भयपट 'ए' प्रमाणपत्राचे आहेत, 'तुंबाड'ही त्यातलाच. तिथे अठरा वर्षांखालच्यांना घ्यायचं नसतं, मग आईवडील सोबत असले तरी. २०२३ च्या कायदादुरुस्तीने 'यूए'चेही ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. मुलांसाठी 'झपाटलेला' (१९९३) सकाळच्या खेळाला लावावा, तात्या विंचू त्यांना पुरेसा आहे. मोठ्यांचा खेळ रात्री साडेआठला सुरू करावा, म्हणजे अकराच्या सुमारास माणसं बाहेर पडतील आणि त्यांना घरी जायला रिक्षा मिळेल. प्रमाणपत्र आणि खेळ सुटण्याची वेळ, दोन्ही तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहावी.

आपले विश्वासू,
काही भयपटप्रेमी, सोलापूर