बॅरिस्टर ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र जाहीर लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही एकच अट घातलीत: नाव कुणाचंच नको आणि कोर्टात जे बोललं गेलं त्यातलं अक्षरही नको. मुलांच्या बाबतीतली सुनावणी इंग्लंडमध्ये बंद दाराआड होते आणि तिथला मजकूर बाहेर छापला तर कोर्टाचा अवमान ठरू शकतो. त्यामुळे प्रश्न काय होता तेवढाच सांगते. लेकीला शाळेच्या सुट्टीत भारतात, आजी-आजोबांकडे न्यायचं होतं आणि तिच्या बाबांची संमती नव्हती. बाकी सगळं पत्र तुम्ही काम कसं केलंत याबद्दल आहे.

इथे इतकी वर्षं राहूनही वकील म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचाच वकील यायचा. वकीलपत्रावर सही केली की अर्ज लिहिण्यापासून न्यायाधीशांसमोर उभं राहण्यापर्यंत सगळं तोच बघणार. इथे आधी सॉलिसिटर, म्हणजे प्रकरण आणि कागदपत्रं सांभाळणारा वकील गाठायचा, मग तो बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील नेमणार, एवढंच माझ्या कानावर होतं. एका फर्मने आगाऊ मागितलेली रक्कम ऐकली आणि पुढचं काही न विचारता फोन ठेवला. बॅरिस्टरकडे थेट जाता येतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इंग्लंड-वेल्समध्ये ही सोय 2004 पासून आहे आणि कौटुंबिक प्रकरणांसाठी ती 2010 मध्ये खुली झाली. एप्रिल 2013 पासून घटस्फोट आणि मुलांच्या बहुतेक वादांमधली लीगल एड, म्हणजे वकिलाच्या खर्चाला मिळणारी सरकारी मदत, बंद झाली. तेव्हापासून किती आई-बाप हातात फाइल घेऊन एकटेच कोर्टात उभे राहत असतील! त्यांच्यापैकी कितीजणांना हा दरवाजा माहीत असेल?

पहिल्याच फोनवर तुम्ही मला विचारलंत, "घरात मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक, असं काही झालंय का?" मी बिचकले. तुम्ही लगेच कारण सांगितलंत. तसं काही घडलं असेल, त्याचा पुरावा असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर लीगल एड अजूनही मिळू शकते. पण त्यासाठी सॉलिसिटरकडेच जावं लागतं, थेट नेमलेल्या बॅरिस्टरला ती घेता येत नाही. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. तरीही जो प्रश्न विचारल्याने स्वतःच्या हातचं काम जाऊ शकतं, तोच तुम्ही सगळ्यात आधी विचारलात. माझा विश्वास तिथेच बसला.

मग तुमच्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या कार्यालयात, भेट झाली. ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेच्या आवारातून चालत येताना बाबासाहेबांची आठवण येणारच. 1922 मध्ये ते याच इनमधून बॅरिस्टर झाले. छाती भरून आली होती आणि पोटात गोळाही होता.

तुम्ही एक कोरा कागद ओढलात आणि मधोमध उभी रेघ मारलीत. डावीकडे लिहिलंत 'मी': सल्ला, निवेदनाचा मसुदा, सुनावणीआधीचं टिपण, कोर्टात बाजू मांडणं. उजवीकडे 'तुम्ही': सी-100 हा मुलांबाबतच्या आदेशासाठीचा अर्ज दाखल करणं, कोर्टाची फी भरणं, कागद समोरच्या बाजूला पोचवणं, पत्रव्यवहार आणि बंडल, म्हणजे कोर्टासाठी क्रमाने लावलेल्या कागदांचा गठ्ठा. "कोर्टाच्या दप्तरी तुमचं नाव असेल, माझं नाही," तुम्ही म्हणालात. काही बॅरिस्टरांना दावा चालवण्याची वेगळी परवानगी असते, तुमच्याकडे ती नव्हती. तेही तुम्ही सांगून टाकलंत. अशिलाचे पैसे बॅरिस्टरला सांभाळता येत नाहीत, म्हणून कुठली रक्कम कुठे ठेवायची वेळ आली तर ती तुमच्याकडे ठेवता येणार नाही, हेही. आपल्याला काय जमतं ते सगळेच सांगतात हो. आपण काय करणार नाही ते इतकं स्वच्छ सांगणारं माणूस मला त्या सगळ्या धावपळीत दुसरं भेटलं नाही.

दोन दिवसांत तुमच्या क्लार्कचं पत्र आलं. भेटीची फी इतकी, मसुद्याची इतकी, पहिल्या सुनावणीची इतकी, वर व्हॅट. प्रत्येक टप्प्याची रक्कम ठरलेली आणि पुढच्या टप्प्याला जायचं की नाही हे माझ्या हातात. रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसायची माझी सवय त्या पत्राने सुटली.

सगळ्यात जास्त शिकले ते निवेदन लिहिताना. मी लग्नापासून सुरुवात केली होती. तुम्ही पेन्सिल घेऊन प्रत्येक परिच्छेदापाशी थांबत होता आणि एकच विचारत होता, "यातून लेकीबद्दल काय कळतं?" उत्तर नसेल तर परिच्छेद बाद. चिल्ड्रन अ‍ॅक्ट 1989 च्या पहिल्याच कलमात मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं मानलंय आणि ते ठरवताना काय काय बघायचं याची यादीही दिलीय. ती यादी तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत. राग कागदावरून उतरला, तसा हळूहळू डोक्यातूनही उतरला.

तिच्या बाबांच्या नकारामागची भीती तुम्ही मला ज्या पद्धतीने समजावलीत, त्यासाठी तर मी कायम तुमची ऋणी राहीन. मुलांना परदेशी नेऊन परत न आणण्याबद्दलचा 1980 चा हेग करार ब्रिटनने स्वीकारलाय, भारताने नाही. म्हणजे मूल भारतात राहिलंच तर करारातून परत आणायचा रस्ता नाही, तिथल्या कोर्टात नव्याने लढावं लागतं. म्हणून इथली कोर्टं तीन गोष्टी तोलून बघतात: परत न येण्याचा धोका किती, तसं झालंच तर मुलाचं नुकसान किती आणि त्यावर खात्री काय देता येते. "त्यांना खोटं पाडू नका. त्यांच्या भीतीला उत्तर द्या," असं तुम्ही म्हणालात. परतीची तिकिटं, नोकरी आणि शाळेचे कागद, कोर्टाला दिलेली लेखी हमी, रोजचा व्हिडिओ कॉल, गरज पडल्यास अनामत रक्कम, अशी उत्तरं असू शकतात हे मला तेव्हा कळलं.

अजून एक गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी आईने आणि बापाने ऐकावी अशी आहे. पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी (पालक म्हणून कायद्याने असलेले हक्क आणि जबाबदारी) असलेल्या दुसऱ्या पालकाच्या किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोळा वर्षांखालच्या मुलाला ब्रिटनबाहेर नेणं हा 1984 च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. मूल तुमच्याकडे राहतं असा कोर्टाचा आदेश हातात असेल, तर एक महिन्यापेक्षा कमी काळासाठी नेता येतं. "आपल्याच गावी तर चाललोय," हे उत्तर विमानतळावर चालत नाही.

माझ्या वाट्याच्या कामांचा मला धाक होता. समोरच्या सॉलिसिटरचे ईमेल थेट माझ्या इनबॉक्समध्ये यायचे आणि त्यातली भाषा वाचून हात गार पडायचे. तुम्ही उत्तराचा मसुदा द्यायचा, पाठवायची मी. बंडलला तर 350 पानांची मर्यादा. अनुक्रमणिका, तारखेनुसार कागद, प्रत्येक पानावर आकडा. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून मी ते लावलं आणि स्वतःच्याच प्रकरणाची मला पहिल्यांदा नीट ओळख झाली. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांसमोर तेच बंडल होतं, प्रत्येक पानावर आकडा असलेलं. तो आकडा मी घातला होता! तुम्हाला कदाचित आठवतही नसेल, पण मला त्या क्षणी फार बळ आलं.

हा रस्ता सगळ्यांसाठी नाही, हे तुम्ही मला बजावलं होतं आणि मीही वाचणाऱ्यांना बजावते. आज रात्रीच कोर्टाचा आदेश हवाय, समोरचा माणूस मालमत्ता लपवतोय, इंग्रजी कागद वाचायला जड जातात किंवा मन इतकं खचलंय की एक ईमेल उघडवत नाही, अशा वेळी सॉलिसिटर लागतोच. तसं दिसलं तर चांगला बॅरिस्टर स्वतःच काम नाकारतो. नाव निवडल्यावर ते बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या नोंदवहीत तपासून घ्या. थेट काम घेण्याची परवानगी आहे की नाही ते तिथे दिसतं. आणि मुलांबाबत कोर्टात जाण्याआधी मध्यस्थीची माहिती घेणारी बैठक, काही अपवाद सोडले तर, करावीच लागते. ताईंनी मला ती मनापासून करायला लावली होती.

ताई, आता एक विनंती. गेल्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवाला नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या दोघींनी मला बाजूला घेऊन हेच सगळं विचारलं. मला जमेल तेवढं मी सांगितलं, पण मी वकील नाही. तुमची ती मधोमध रेघ मारलेली यादी मराठीत दोन पानांची करून द्याल का? टाइप मी करीन, तुम्ही फक्त तपासा. होकार असेल तर क्लार्ककडे निरोप ठेवा, मी शनिवारी येऊन बसते.

आपली कृतज्ञ,
एक आई, पश्चिम लंडन