लाडाची नावे आणि पत्रपेटीची किल्ली

संपादक महोदय,

भाचीच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात वादकांनी ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हे इंग्रजी गाणे वाजवले आणि नवदांपत्याने त्यावर नृत्य केले. ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडचे १९८३ चे हे गाणे अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि आजही ते प्रेमगीत म्हणूनच वाजवले जाते. शब्द मात्र वेगळेच सांगतात. दुरावलेल्या स्त्रीच्या प्रत्येक श्वासावर आणि प्रत्येक पावलावर आपली नजर राहील, कारण ती आपली आहे, असे हा पुरुष तिला बजावतो. गाणे पाळतीचे आणि मालकीहक्काचे आहे, हे गीतकार स्टिंग यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे.

ते ऐकताना मला नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचे १८७९ चे ‘अ डॉल्स हाऊस’ हे नाटक आठवले. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने ते मराठीत आणले होते. त्यातला हेल्मर बायकोवर पाळत ठेवत नाही, तिच्यावर आवाज चढवतो तोही अगदी शेवटी. एरवी तो नोराला ‘माझी खारूताई’, ‘माझी चंडोल’ असे लाडाने हाक मारतो, आणि दात किडतील म्हणून तिला गोड खाऊ देत नाही. तीन मुलांची ही आई खाऊ लपवून खाते आणि तो येताच तोंड पुसते. घराच्या पत्रपेटीची किल्ली फक्त त्याच्याकडे असते. आपले गुपित फोडणारे पत्र त्या पेटीत पडलेले नोराला काचेतून दिसते, पण हाती येत नाही. कुलूप केसांच्या आकड्याने उघडू पाहिल्याचे हेल्मरच्या लक्षात येते, तेव्हा ती मुलांवर ढकलून मोकळी होते. एवढा साधा प्रसंग, पण जोडीदाराच्या मोबाइलचा पासवर्ड मागणे हाच विश्वासाचा पुरावा मानणाऱ्या आजच्या जोडप्यांना तो परका वाटू नये.

गाण्यातला पुरुष अखंड पाहतो आहे, तर हेल्मरने आठ वर्षांच्या संसारात बायकोकडे नीट पाहिलेलेच नाही. त्याच्याच प्रकृतीसाठी तिने वडिलांची खोटी सही करून कर्ज काढले आणि ते फेडायला एका हिवाळ्यात रात्र रात्र जागून लेखनिकाचे काम केले, याचा त्याला पत्ता नाही. मला यातला हेल्मर अधिक भयंकर वाटतो, कारण आपण काही चुकीचे करतो आहोत हे त्याच्या गावीही नाही. गाण्यातल्या पुरुषाला निदान आपण पहारा देतो आहोत हे ठाऊक आहे, आणि तो ते उघड म्हणतोही. मात्र गाण्यात त्या स्त्रीला एकही ओळ नाही. नाटकात नोरा शेवटी नवऱ्याला समोर बसवून बोलते, आणि म्हणून नवरा-मुलांना सोडून घराबाहेर पडताना तिचे दार ओढून घेणे आपल्याला समजते. गाण्यात फक्त पहारेकऱ्याचा आवाज आहे, तोही सुरेल, त्यामुळे आपण नकळत त्याच्याच बाजूने गुणगुणू लागतो.

नाटकालाही असे गोड करून घेण्याचा प्रयत्न झाला होता. जर्मनीतील एका प्रख्यात अभिनेत्रीने, आपण मुलांना टाकून कधीच जाणार नाही, असे सांगून तो शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा बरे म्हणून इब्सेनने नाइलाजाने स्वतःच नोरा घरात राहते असा शेवट लिहून दिला, पण तो नाटकावरचा अत्याचार आहे असेच त्याचे मत होते. गाण्याचा अर्थ बदलून घ्यायला श्रोत्यांना स्टिंग यांच्याकडे जावेही लागले नाही.

समारंभानंतर मी भाचीला त्या गाण्याचा अर्थ सांगितला. ती क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, “असू दे गं मावशी, चाल किती गोड आहे!” हेल्मरच्या हाकाही गोडच होत्या, हे सांगायचे तेव्हा माझ्याच्याने झाले नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली